अकरा नंबरचं ग्रिल

गाळ्याच्या फरशीवर मी पाठीवर आडवी झाले होते. डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात तारेचा ब्रश, आणि तोंडावर गंजाचा भुगा पडतोय. वर दोन लाकडी ठोकळ्यांवर एक जुनं, चार बर्नरचं गॅसचं ग्रिल. खालच्या फ्रेमवरची काजळी घासता घासता लोखंडात ठोकलेले दोन आकडे दिसले. एक आणि एक. अकरा.

मी ब्रश खाली ठेवला.

"तिचंच असणार," मी मोठ्याने म्हणाले. गाळ्यात दुसरं कोणी नव्हतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुपारी दोन वाजता सगळे जेवायला जातात. मी ग्रिलखालून बाहेर आले, तोंड धुतलं, चहा केला आणि तो तसाच गार होऊ दिला. तीसेक वर्षं झाली, पण अकरा आकडा दिसला की माझ्या पोटात दुखतं. बसचा नंबर असला तरी दुखतं.

आता सांगते. मी सुनंदा मोरे, फिटर. आयटीआय झाल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले. तिथे हॉटेलच्या किचनचं सामान बनायचं. भट्ट्या, डोशाचे तवे, ग्रिल. तो कारखाना आता नाही, जागेवर टॉवर उभा आहे. मी गेली अठरा वर्षं माझ्या गाळ्यात हॉटेलवाल्यांच्या शेगड्या आणि बर्नर दुरुस्त करते. तर त्या कारखान्यात एक पद्धत होती. प्रत्येक फिटरला एक नंबर, आणि त्या नंबरचे पोलादी पंच. पंच म्हणजे टोकावर उलटा इंग्रजी आकडा कोरलेला खिळा समजा. काम पूर्ण झालं की तो नगावर, सहज न दिसणाऱ्या जागी ठेवायचा आणि वरून हातोडी मारायची. काही बिघडलं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. माझा नंबर सात होता.

अकरा नंबर वंदना तांबेचा.

अख्ख्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या हॉलमध्ये, आम्ही दोघीच मुली. एकाच वर्षी लागलो. आता साठ पुरुषांमध्ये दोन मुली असल्या की काय होतं? पुरुषांची तुलना कोणी कोणाशी करत नाही, त्या दोघींची मात्र रोज होते. वंदनाचं वेल्डिंग बघ, सुनंदाचं बघ. वंदना हसून बोलते, सुनंदा फटकळ. फोरमन तिचा नग टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "अकरा नंबर बघा, असं काम पाहिजे." मी सात वाजता येऊन मशीन पुसून ठेवायचे. तो नग बघितला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण नग खरंच चांगला असायचा.

एकदा तर तिने माझ्या पेटीतून माझा सातचा पंच न विचारता घेतला. मी चार दिवस रजेवर होते, बहिणीचं लग्न होतं. परत आले तर पंच जागेवर नाही. संध्याकाळी तिच्या टेबलावर सापडला. मी शॉपमध्ये सगळ्यांसमोर तिला चोर म्हणाले आणि तक्रार फोरमनपर्यंत नेली. ती "सॉरी गं" म्हणाली, एवढंच. त्यानंतर तीन महिने मी तिच्याशी बोलले नाही. त्याच सुमाराला तिने एक ग्रिल बनवलं, जे क्लबांना आणि बड्या हॉटेलांना फार आवडलं. त्याच्या ऑर्डरी आल्या आणि वंदना सुपरवायझर झाली. ती जागा मला पाहिजे होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, पण शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

आणि आता तेच ग्रिल माझ्या गाळ्यात, माझ्याकडून दुरुस्त व्हायला आलं होतं.

ते आणलं होतं मुलुंडच्या अण्णा राण्यांनी. अण्णांची मालवणी खानावळ. वय सत्तरच्या पुढे, पण सकाळचे मासे अजून स्वतः बघून घेतात. त्यांनी हे ग्रिल फार पूर्वी एका बंद पडलेल्या क्लबकडून घेतलं आणि बावीस वर्षं वापरलं. मग सुनेने, नेहाने, चकचकीत स्टीलचं नवीन ग्रिल घेतलं आणि जुनं माळ्यावर टाकलं. नव्याचा पत्रा दोन वर्षांत भोकं पडून गेला. मध्यंतरी त्यांची बिल्डिंग पाडून नवीन झाली. आता नव्या गाळ्यात खानावळ परत सुरू होणार होती. रविवारी. जुन्या गिऱ्हाइकांना जेवायला बोलावणं गेलेलं होतं.

"माका नवीन नको," अण्णा म्हणाले होते. "बावीस वर्षां मी हेच्यार मासे भाजलंय. ह्याच व्हया."

नेहाने मला बाजूला घेतलं. "मोरे मॅडम, स्पष्ट सांगते. मी नवीन ग्रिल बघून ठेवलंय. बाबांचा हट्ट म्हणून हे तुमच्याकडे पाठवतेय. रविवारपर्यंत हे नीट चाललं तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारात. मला परत माळ्यावर चढवायचं नाहीये."

"चालेल," मी म्हणाले. "मी केलेलं काम चालतं."

तेव्हा मला अकरा नंबर दिसला नव्हता. दिसल्यावर काम बदललं. आता नुसतं चालून भागणार नव्हतं. वंदनाने केलं त्यापेक्षा चांगलं करून दाखवायचं होतं. आणि मनातल्या मनात आणखी एक इच्छा होती, तीही लिहून टाकते. तिची एक तरी चूक सापडावी.

मी ग्रिल सुटं करायला घेतलं. इतक्या वर्षांचे गंजलेले बोल्ट सहसा तुटतात. मी ग्राइंडर तयार ठेवला होता. पहिल्या बोल्टला पाना लावला, थोडं तेल सोडलं, जोर दिला, आणि तो चक्क फिरला. दुसराही फिरला. सोळाच्या सोळा. आट्यांत काळसर ग्रीस दिसलं. तापणाऱ्या जागी साधं ग्रीस जळून जातं, म्हणून ग्राफाइट घातलेलं लावतात. वेळखाऊ काम. कोणी लावत नाही. वंदनाने लावलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, माझं अर्ध्या दिवसाचं काम वाचलं. मी सोळावा बोल्ट डब्यात आपटला.

बर्नर बिडाचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या घावनाच्या तव्याचं असतं ते. जाड, जड, तापायला वेळ लागतो, पण तापलं की उष्णता धरून ठेवतं. बर्नरच्या मागे एक नळी असते, तिच्यात गॅस आणि हवा मिसळते. दोन नळ्यांत कुंभारमाशीने मातीची घरं केली होती. माळ्यावर ठेवलेल्या प्रत्येक बर्नरमध्ये हे सापडतं. माती अडकली की हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी पडतात. मी तार घालून माती काढली, मग बर्नरची एकूण एक भोकं हाताच्या ड्रिलने मोकळी केली. एका बर्नरला बेचाळीस भोकं. सगळी एका रेषेत होती. मी पट्टी लावून बघितलं, म्हणून सांगते.

पितळी कॉक, म्हणजे गॅसच्या चाव्या, घट्ट बसले होते. ते उघडून, बारीक पेस्ट लावून घासले आणि गॅसला चालणारं ग्रीस भरलं. मग जेट. जेट म्हणजे ज्या बारीक भोकातून गॅस बाहेर येतो ते पितळी टोक. हे ग्रिल सिलिंडरवर चालायचं. सिलिंडरच्या गॅसमध्ये ताकद जास्त, म्हणून भोक बारीक. नव्या गाळ्यात पाइपचा गॅस. त्याची ताकद कमी आणि दाबही कमी, म्हणून भोक मोठं लागतं. काही लोक जुनंच जेट ड्रिलने मोठं करतात. भोक वाकडं होतं आणि ज्योत एका बाजूला पळते. मी लेथवर चार नवीन जेट केले. सुंदर झाले. वंदनाला दाखवावेसे वाटले आणि ह्या विचाराचाच मला राग आला.

शेवटी राहिली जाळी. ज्यावर मासे ठेवतात ती. ही पण बिडाची, बोटाएवढ्या जाड दांड्यांची. प्रत्येक दांडीच्या वरच्या अंगाला एक पन्हळ होती, छपराच्या पागोळीला लावतात तशी, पण पेन्सिलीएवढी. तिच्यात जळलेल्या तेलाचा दगड झाला होता. सोड्याच्या पाण्यात दोन दिवस बुडवून, खरवडून मी पन्हळी साफ केल्या. पुढच्या टोकाला एक आडवी खोबण आणि तिच्याखाली ट्रे. छान ओतकाम आहे, असं मला वाटलं. ह्या पन्हळी कशासाठी, हा प्रश्न मला पडला नाही. फिटरला हा प्रश्न पडायलाच हवा. पण मी चूक शोधत होते, आणि चूक शोधणाऱ्याला बाकी काही दिसत नाही.

बुधवारी सगळं जोडलं. जाळी बसवली. सवयीने तिच्यावर स्पिरिट लेव्हल ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा मध्ये असला की वस्तू सपाट.

बुडबुडा टोकाला जाऊन बसला होता.

मी लेव्हल उलटी करून ठेवली. तेच. फ्रेम मोजली, ती बरोबर. पाय बरोबर. जाळी ज्या चार ब्रॅकेटवर टेकते, त्यातले मागचे दोन वर होते. पट्टीने मोजलं. पाऊण इंच.

अकरा नंबरची लेव्हल पाऊण इंचाने चुकली होती!

खोटं कशाला सांगू, मला नाचावंसं वाटलं. तीस वर्षं ज्या कामाची उदाहरणं ऐकली, त्याचे ब्रॅकेट वाकडे. मागचे दोन्ही अगदी सारखेच वर होते. चूक असती तर एक वर असता, एक खाली. दोन्ही एकसारखे आहेत म्हणजे कोणीतरी मोजून लावलेत. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल. मला त्या दिवशी कळली नाही. मी मोबाइल काढला, बुडबुडा नीट दिसेल असा फोटो घेतला आणि आमच्या जुन्या कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अकरा नंबरची लेव्हल बघा."

पाच मिनिटांत चौदा जण हसले. एकाने लिहिलं, "फोरमनला दाखवायला पाहिजे होतं." मी तो मेसेज दोनदा वाचला.

मग मोबाइलवर वंदनाचं नाव आलं. ग्रुपवर नाही, फक्त मला. वर एवढंच दिसत होतं, "सुनंदा, फोटो पाहिला. ग्रुपवर लिहीत नाही, तुला एकटीला..." पुढचं उघडल्याशिवाय दिसत नाही. मला वाटलं, सारवासारव असणार. तेव्हा घाई होती, हेल्परने लावले होते, वगैरे. मला तिची सबब ऐकायची नव्हती, तिला ती द्यावी लागतेय एवढंच पुरे होतं. मी मेसेज उघडला नाही. मोबाइल खिशात टाकला, ग्राइंडरला कटिंग व्हील लावलं आणि मागचे दोन्ही ब्रॅकेट कापले. कापलेले तुकडे भंगाराच्या ड्रममध्ये टाकले. नवीन ब्रॅकेट पाऊण इंच खाली वेल्ड केले. लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

गुरुवारी ग्रिल टेम्पोतून मुलुंडला गेलं. पाइप जोडला, साबणाचं पाणी लावून लीक तपासलं, काडी लावली. चारही बर्नर निळे, एका उंचीचे, आवाज नाही. नेहासुद्धा बघत राहिली.

"ज्यांनी हे बनवलं ना, त्यांनी ब्रॅकेट चुकीचे लावले होते," मी म्हणाले. "मी सरळ केलेत."

अण्णांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष सुरमईकडे होतं. त्यांनी मसाला लावलेल्या सहा तुकड्या पुढे ठेवल्या आणि मागे कोंबडीच्या तंगड्या. पहिली दोन मिनिटं झकास गेली. मग कोंबडीची चरबी वितळून टपकायला लागली. ठिणगी उडाली, आणि जाळीतून हातभर पिवळी ज्योत वर आली. अण्णा मागे झाले. एका बाजूची विझतेय तोवर दुसऱ्या बाजूने. तुकड्या बाहेरून काळ्या आणि आतून कच्च्या. तंगड्यांना रॉकेलसारखा वास.

"ही आग खयसून इली?" अण्णांनी मला विचारलं.

"गॅस नवीन आहे अण्णा, सेटिंग लागेल."

"आधी असा होत नाय होता. मागच्या बाजूक कोंबडी आस्ते आस्ते शिजायची, फुडे मासो पटकन. आता सगळीकडे सारखाच जळता."

नेहाने मोबाइल काढून नवीन ग्रिलवाल्याचा नंबर शोधायला घेतला, मला दिसेल असा.

मी ज्योत बारीक केली. मासा भाजायच्या ऐवजी उकडल्यासारखा झाला. हवेची झडप कमीजास्त केली. शुक्रवारी परत गेले, थोड्या बारीक भोकाचे जेट लावून बघितले, बर्नरवर पत्र्याच्या पट्ट्या टाकून बघितल्या. चरबी पट्टीवर पडायची आणि तिथे पेटायची. माझी बर्नरची अक्कल संपली. दुपारपर्यंत अण्णांच्या किचनमध्ये चार किलो कोंबडीची वाट लागली होती आणि मी हात टेकले होते.

अण्णा स्टुलावर बसले होते. त्यांनी ग्रिलच्या कडेवर हात ठेवला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. "गे बाय," ते हळूच म्हणाले, "तुझा काम चांगला असा, ता माका दिसता. पण जेणा ह्या बनवल्यान, तेका इचार मगे एकदा. भेटाचो नाय काय तो?"

"कोण जाणे कुठे असेल," मी म्हणाले.

ती विक्रोळीत असते. तिचा मेसेज तिसऱ्या दिवशीही माझ्या खिशात होता. म्हाताऱ्या माणसाला मी तोंडावर खोटं सांगितलं, तेही त्याच्याच किचनमध्ये, त्याचाच चहा पिऊन. घरी जाताना मला स्वतःची लाज वाटली. पण तरीही मेसेज उघडला नाही. उघडणं म्हणजे तिला विचारणं, आणि तिला विचारणं म्हणजे फोरमनचं म्हणणं मान्य करणं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. तो फोरमन जाऊन दहा वर्षं झाली.

शनिवारी सकाळी भाजी चिरता चिरता मी विळी बाजूला सारली आणि मेसेज उघडला. धैर्य वगैरे नव्हतं. रविवार उद्यावर आला होता, बाकी काही उपाय उरला नव्हता, म्हणून उघडला.

तिने लिहिलं होतं, "सुनंदा, फोटो पाहिला. ग्रुपवर लिहीत नाही, तुला एकटीला सांगते. तो उतार मुद्दाम आहे. चरबी दांडीच्या पन्हळीतून पुढे वाहून ट्रेमध्ये जाते, बर्नरवर पडत नाही. मागे जाळी ज्योतीपासून लांब राहते म्हणून तिथे मंद शिजतं. मागचे ब्रॅकेट कापू नकोस. तूच सांगितलं होतंस ना, तुझी आई बोंबील तळताना स्टोव्हच्या एका पायाखाली खापर ठेवायची ते? त्यावरूनच केलं. ग्रिल पहिल्या खेपेचं असेल तर ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला बघ, तुझा नंबर मारलाय. पंच घेतला म्हणून केवढी ओरडली होतीस! बरी आहेस ना?"

मी ते तीनदा वाचलं.

गोवंडीचं आमचं घर. एक खोली, एक स्टोव्ह. आई तवा तिरपा करायची, म्हणजे तेल एका बाजूला जमतं आणि तळलेला बोंबील दुसऱ्या बाजूला कोरडा राहतो. हे मी कारखान्यात कधी बोलले? मग आठवलं. ग्रिलचा पहिला नमुना ट्रायलला पेटला होता, असाच, हातभर ज्योत. दुपारी डबा खाताना सगळे त्यावरच बोलत होते आणि मी तोंडात घास असताना म्हणाले होते, "खापर ठेवा एका बाजूला, आमची आई ठेवते." सगळे हसले होते. दुसऱ्या दिवसापासून मी बहिणीच्या लग्नासाठी रजेवर. परत आले तेव्हा ग्रिल तयार होतं, अकरा नंबरचं कौतुक चाललं होतं, आणि माझा पंच पेटीत नव्हता.

भंगारवाला आमच्या इस्टेटमध्ये दर शनिवारी येतो. मी भाजी तशीच टाकली, रिक्षा केली. गाळ्याशी पोचले तेव्हा तो शेजारच्या गाळ्यातला पत्रा हातगाडीवर चढवत होता. मला ड्रमकडे पळताना बघून म्हणाला, "आरामसे ताई, मैं रुकता हूं."

ड्रम आडवा केला. पत्र्याचे तुकडे, जुने जेट, तारा. तळाला दोन ब्रॅकेट सापडले. एकाची खालची बाजू तारेच्या ब्रशने घासली. इतक्या वर्षांची काजळी होती, वेळ लागला. आधी एक आडवी रेघ दिसली, मग तिरकी. सात.

दुसऱ्यावर पण सात.

मी ड्रमच्या बाजूला खाली बसले. भंगारवाल्याने विचारलं, "लगा क्या कुछ?" मी नाही म्हणाले. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणाचा ते कळत नव्हतं. ज्या ग्रिलपायी मी तिच्यावर तीस वर्षं जळले, त्यात माझं नाव होतं. आणि ते मीच माझ्या हाताने कापून भंगारात टाकलं होतं. लेव्हल लावून.

तिला फोन लावला. "उघडलास मेसेज?" तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

"कापले मी ब्रॅकेट."

मग ती म्हणाली, "तुकडे आहेत?"

"आहेत."

"मग रडतेस काय? वेल्डर आहेस ना तू? लाव परत."

"उद्या मुलुंडला ये," मी म्हणाले. "जेवायला." हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही.

वेल्डिंगचं मशीन घेऊन मी मुलुंडला गेले. माझे नवीन, सरळ, देखणे ब्रॅकेट कापून काढले आणि जुने मूळ खुणांवर लावले. पाऊण इंच वर. लेव्हल सोबत नेली नव्हती. अण्णांना म्हणाले, "अण्णा, चूक माझी होती. बनवणाऱ्याचं बरोबर होतं." ते म्हणाले, "जाळी लाव गे आधी, मगे बघूया." त्यांनी कोंबडी मागे ठेवली, सुरमई पुढे. चरबी वितळली, दांडीवरच्या पन्हळीत उतरली आणि हळूहळू पुढे सरकत ट्रेमध्ये टप टप पडायला लागली. ज्योत निळीच राहिली. नेहा वाकून ट्रेकडे बघत होती. तिने नवीन ग्रिलवाल्याला फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी वंदना आली. केस पांढरे, गुडघा दुखतो म्हणून काठी. ती आता एका आयटीआयमध्ये आठवड्यातून दोनदा शिकवायला जाते. हे मला ग्रुपवरून माहीत होतं आणि त्याचाही मला त्रास व्हायचा. नमस्कार चमत्कार न करता ती सरळ किचनमध्ये गेली आणि माझी टॉर्च मागून घेतली. त्या गुडघ्यासकट ग्रिलखाली वाकली.

"वेल्डिंग तुझं आहे?"

"हो."

"माझ्यापेक्षा बरं आहे."

एवढ्या वर्षांनी हे ऐकायला मिळालं आणि मला तेही सहन झालं नाही. मी विचारलं, "फोरमनला सांगितलं होतंस? खापराचं?"

"सांगितलं. तो म्हणाला, ज्याने बनवलं त्याचंच नाव. मग मी काय करणार? पंच मारून ठेवला. माझ्याच्याने तेवढंच झालं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

वंदना हसली. "तू बोलत होतीस का माझ्याशी? चोर म्हणालीस सगळ्यांसमोर. नंतर मी सुपरवायझर झाले. मग सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, दया करतेय."

वाटलं असतं. ती मला माझ्यापेक्षा चांगली ओळखत होती, ही आणखी एक गोष्ट.

अण्णांनी आम्हा दोघींना एकाच ताटात सुरमई वाढली, ताटं कमी पडली होती म्हणून. बाहेर जुनी गिऱ्हाइकं रांगेत होती. मासा उत्तम झाला होता. वंदनाने मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला आणि मी तो खाल्ला.

त्या संध्याकाळी मी सातच्या आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "अकरा नंबरची लेव्हल बरोबर होती. लावणारीचं डोकं वाकडं होतं." पहिल्या फोटोला चौदा जण हसले होते. ह्याला तीन अंगठे आले. त्यातला एक वंदनाचा.

आता मला तिचा हेवा वाटत नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाटतो. फक्त आता कामाचा वाटत नाही. दुसऱ्याचा नंबर ठोकायचा आणि तीस वर्षं गप्प बसायचं, हे मला जमलं नसतं. मी पहिल्या दिवशीच बोंब मारली असती.

धंद्यापुरतं मी एवढं शिकले. जुन्या, चांगल्या बांधलेल्या वस्तूत काही वाकडं दिसलं, तर कटिंग व्हील लावण्याआधी मी ती उलटी करते आणि खालची बाजू घासून बघते. बहुतेक वेळा नुसता गंज निघतो.